खत एकाचे, फेड दोघांची

वऱ्हाडच्या अर्वाचीन इतिहासाचा आरंभच मुळी एका थकलेल्या कर्जातून झाला. निजामाच्या नावे चालणाऱ्या कंटिन्जंट फौजेचा पगार कंपनी सरकारने आपल्या तिजोरीतून भागवावा आणि ती रक्कम निजामाच्या खात्यावर बाकी म्हणून चढत जावी, असा क्रम कित्येक वर्षे चालला. अखेरीस २१ मे १८५३ रोजी झालेल्या तहान्वये निजाम नासिरुद्दौला याने या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाडचा काळ्या जमिनीचा सुपीक मुलूख डलहौसीच्या सरकारकडे वहिवाटीस सोपवून दिला. पुढे १८६० सालच्या तहाने निजामाकडील पन्नास लक्षांची बाकी कंपनीच्या जागी आलेल्या सरकारने सोडून दिली, १८५३ मध्ये वऱ्हाडाबरोबरच घेतलेले धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूखही परत केले. वऱ्हाड मात्र आपल्याच हाती ठेवले, आणि १९०२ मध्ये वार्षिक पंचवीस लक्ष रुपये खंडाने कायमचा पट्टा करून घेतला. कर्ज सुटले, तारण सुटले नाही. हाच अनुभव त्यानंतरच्या काळात अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील असंख्य कुळांच्या वाट्याला यावयाचा होता.

सावकारशाहीचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला आहे. त्यात सावकार आहे, कुळ आहे, मुन्सफ आहे, वकील आहे आणि हुकूमनामा बजावणारा बेलीफही आहे; पण ज्या घरातून ते कर्ज फेडले गेले त्या घरातील दुसरे माणूस त्यात क्वचितच आढळते. कर्जरोख्यावर अंगठा उठे तो नवऱ्याचा, खातेवहीत नाव चढे ते नवऱ्याचे, आणि फारखती लिहून मिळालीच तर तीही त्याच्याच नावाने. परंतु मुद्दल आणि व्याज चुकते करण्याचा जो प्रत्यक्ष उद्योग वर्षानुवर्षे चाले, तो पती आणि पत्नी या दोघांच्या अंगमेहनतीवर चाले, आणि त्यातील पत्नीचा वाटा कोणत्याही दप्तरात दाखल झाला नाही. वऱ्हाडच्या कर्जफेडीचा इतिहास हा पुष्कळ अंशी या न नोंदलेल्या वाट्याचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

कर्ज वऱ्हाडात पूर्वीही होते. परंतु बी-बियाण्यासाठी सवाईने किंवा दिढीने घेतलेले धान्य खळ्यावरच परत मोजून द्यावयाचे, असे त्याचे सामान्य रूप होते, आणि त्याची परतफेड पिकाच्या मानाने होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ही स्थिती पार पालटली. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला पूर्वी कधी न मिळालेला भाव आला. त्याच दशकात भुसावळहून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग अकोल्यावरून पूर्ण झाला. १८७० मध्ये खामगावला आणि त्यामागोमाग बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झालेल्या जमाबंदीने खातेदाराला जमीन विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा निर्वेध अधिकार दिला. म्हणजे एकाच पिढीत शेताला किंमत आली, पिकाला रोकड आली, आणि शेत हे तारण म्हणून सावकाराला हवेसे झाले. युद्ध संपताच भाव कोसळले. पण तेजीच्या दिवसांत वाढलेले लग्नखर्च, घेतलेल्या बैलजोड्या आणि काढलेले रोखे मात्र जागच्या जागी राहिले. सारा भरण्याची मुदत पीक विकण्याच्या आधी येई आणि भाव मुंबईच्या बाजारात ठरे. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या कास्तकाराला सावकाराच्या ओट्यावर जाण्यावाचून दुसरी वाट नसे.

तेथे लिहिले जाणारे कागद अनेक प्रकारचे असत. साध्या रोख्यापासून गहाणखतापर्यंत आणि गहाणखतापासून मुदतखरेदीपर्यंत ही पायरी चढत जाई. मुदतखरेदीत शेत वरकरणी विकलेले असे. ठरलेल्या मुदतीत पैसा परत न आला तर विक्री कायम होई, आणि कालपर्यंतचा खातेदार त्याच वावरात बटाईने किंवा मक्त्याने राबू लागे. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांनंतर, १८७९ मध्ये, दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा मिळाला आणि रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला आला. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने दंगा केला नाही आणि त्याला तसा कायदाही मिळाला नाही. त्याच्या बाजूने एकच जुना नियम उभा होता, तो दामदुपटीचा: कोणत्याही एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येऊ नये. परंतु दर दोन-तीन वर्षांनी जुना रोखा फाडून व्याजासह नवा लिहून घेतला की कालचे व्याज आजचे मुद्दल होई, आणि हा नियम कागदावर अबाधित राहून व्यवहारात निष्प्रभ होई.

पती-पत्नींच्या ऋणाविषयी आपल्या धर्मशास्त्राने काय म्हटले आहे, हे येथे पाहणे अगत्याचे आहे. कारण इंग्रजी न्यायालयांनी हिंदूंचा वैयक्तिक कायदा म्हणून जो मिताक्षरेचा आधार घेतला, ती मिताक्षरा याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका आहे, आणि कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने ती लिहिली. याज्ञवल्क्याचा सामान्य नियम असा की, पतीने किंवा पुत्राने केलेले ऋण स्त्रीने फेडू नये, आणि स्त्रीने केलेले ऋण पतीने फेडू नये. मात्र ते कुटुंबाच्या निर्वाहासाठी काढलेले असेल तर गोष्ट निराळी. याला त्याने दोन पुरवण्या जोडल्या आहेत. पहिली अशी की, गवळी, परीट, नट, मद्यविक्रेते आणि पारधी यांच्या स्त्रियांचे ऋण त्यांच्या पतींनी फेडलेच पाहिजे, कारण त्या घरांची उपजीविका स्त्रियांवर अवलंबून असते. दुसरी अशी की, स्त्रीने स्वतः पत्करलेले, स्वतः काढलेले किंवा पतीसह काढलेले ऋण तिने फेडावे. पतीसह काढलेल्या ऋणाची ही स्वतंत्र वर्गवारी मला फार महत्त्वाची वाटते. ज्या घरात उपजीविका स्त्रीच्या श्रमावर चालते त्या घरात ऋणाचा संबंधही दोघांशी जोडला पाहिजे, हे तत्त्व स्मृतिकाराने ओळखले होते. त्याने ते काही थोड्या व्यवसायांपुरते मर्यादित ठेवले, एवढेच. कापसाच्या वऱ्हाडात ते प्रत्येक कुणब्याच्या, माळ्याच्या आणि महाराच्या घराला लागू पडण्यासारखे होते.

स्त्रीधनाविषयीचा नियम याहून कठोर आहे. दुष्काळात, धर्मकार्यात, आजारात, किंवा धनकोने अडवून धरले असता पतीने पत्नीचे स्त्रीधन घेतले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात या चारांपैकी एखादे कारण हजर नाही, असे वर्ष विरळा. त्यामुळे पत्नीचे दागिने हा कुटुंबाचा राखीव निधी ठरला आणि त्याची परतफेड हा पतीच्या मर्जीचा प्रश्न झाला. स्मृतिकार कात्यायनाने यापेक्षा उदार दृष्टी ठेवून, संमतीने घेतलेले स्त्रीधनही ऐपत येताच परत करावे, असे सांगून ठेवले आहे. पण आपल्या समाजाने सोयीचे तेवढे शास्त्र उचलले.

इंग्रजी दिवाणी कायद्याने पत्नीचे अस्तित्व मान्य केले ते फक्त जप्तीच्या वेळी. १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणे ऋणकोची, त्याच्या पत्नीची व मुलांची नेसूची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. तसेच धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे अलंकारही जप्तीतून वगळलेले आहेत. शेतीची अवजारे, बैल आणि बियाणे यांनाही त्याच कलमाने संरक्षण दिले. छप्पन्नाव्या कलमाने पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करण्याची मनाई केली. याचा अर्थ असा की बेलीफ दारात आला असता काळी पोत आणि चुलीवरचे भांडे सुरक्षित असे, आणि नवरा दिवाणी तुरुंगात गेला तरी बायको मागे राहून शेत सांभाळू शके. हे संरक्षण लहान नव्हे. परंतु ज्या दागिन्यांना ते नव्हते, त्यांच्यावर जप्तीची वेळ बहुधा येतच नसे. त्याआधीच ते घरच्या पेटीतून सोनाराच्या किंवा सावकाराच्या पेटीत गेलेले असत.

आता ही फेड प्रत्यक्षात कशी चाले ते सांगितले पाहिजे. मृगाच्या आधी बियाण्यासाठी उचल होई. पुढे डवरणी पुरुषाची आणि निंदण स्त्रीचे, अशी कामाची वाटणी असे. आपल्या वावरातले निंदण आटोपले की तीच स्त्री मजुरीने दुसऱ्याच्या वावरात जाई, आणि त्या मजुरीवर घरातील मीठ-मिरची चाले, म्हणून सावकाराच्या खात्यावर त्या महिन्यात नवी रक्कम चढत नसे. न वाढलेले कर्ज कोणी जमेस धरीत नाही. खरे पाहता तीही फेडच होय. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटे. वेचणी हे स्त्रियांचे काम. भल्या पहाटे, दव असताना, पाने ओली असतात, त्यामुळे पाचोळा कापसात येत नाही, म्हणून अंधारात घर सोडावे लागे. आणि मजुरी म्हणून वेचलेल्या कापसाचाच काही वाटा पदरात पडे. हा वाटा स्त्रीच्या हातात प्रत्यक्ष येणारी पहिली कमाई. तिचे तिने काय करावे हे तिने ठरवावे असा संकेत असला, तरी माघातला हप्ता तोंडावर आला की तो वाटाही बंडीवर चढे आणि अडत्याच्या काट्यावर नवऱ्याच्या मालात तोलला जाई.

ज्यांना स्वतःचे शेत नव्हते वा गेले होते, त्यांची रीत निराळी. नवरा सालदार म्हणून राही, सालाची उचल आधीच घेई आणि वर्षभर राबून ती फेडी. बोली त्याच्या एकट्याच्या श्रमाची असे, पण मालकाच्या गोठ्यातील शेणकूर आणि झाडलोट त्याच्या बायकोने करावी, हे गृहीतच धरलेले असे. सालाच्या अखेरीस उचल फिटली नाही तर दुसरे साल लागू होई, आणि दोघांचेही लागू होई. दूध-तूप विकणे, गोवऱ्या थापणे, पऱ्हाटीच्या तासांतून अंबाडी आणि बरबटी लावणे, हे सर्व उद्योग स्त्रियांचे. प्रथम चांदीचे तोडे आणि वाळे जात, मग पाटल्या जात, मग गळ्यातील एकदाणी जाई. सोडवून परत येत ते उलट्या क्रमाने आणि पुष्कळदा येतच नसत. शिवाय तगादा. नवरा वावरात असे. सावकाराचा माणूस ओट्यावर येऊन बसला की त्याला उत्तर द्यावयाचे ते घरात असलेल्या बाईने. घराची अब्रू राखून मुदत मागण्याचे हे काम किती स्त्रियांनी किती वर्षे केले, याचा जमाखर्च कोणत्या वहीत मांडला आहे?

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी, त्यांतही संवत १९५६ च्या म्हणून छप्पनचा म्हटल्या गेलेल्या दुसऱ्याने, अनेक घरांची ही सारी साखळी तोडली. दुष्काळी कामावर खडी फोडायला नवरा-बायको बरोबरच गेले. ज्या बाजारात कापूस विकून हप्ता भरावयाचा, तेथील फसवणुकीला थोडा पायबंद बसला तो १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाल्यावर आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजारांचा कायदा झाल्यावर. हिंदुस्थानात अशा स्वरूपाचा हा पहिला कायदा, आणि तो वऱ्हाडात झाला, याचा अभिमान वऱ्हाडवासीयाने अवश्य बाळगावा.

परंतु मूळ दुखणे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत उघडे पडले. कापसाचे भाव घसरले. तेजीच्या भावाने काढलेली कर्जे मंदीच्या भावाने फेडण्याची पाळी आली, म्हणजे एक खंडी कापूस विकून जे फिटले असते त्यासाठी दुप्पट कापूस लागू लागला. त्या वेळच्या बँकिंग चौकशीने मध्यप्रांत व वऱ्हाडातील शेतकऱ्यांचे कर्ज छत्तीस कोटी रुपये अंदाजले होते. १९०४ च्या कायद्यानंतर निघालेल्या सहकारी पतपेढ्याही याच मंदीत थकबाकीखाली दबल्या. अशा वेळी, डॉ. पंजाबराव देशमुख प्रांताचे मंत्री असतानाच्या काळात आकाराला आलेला कर्जलवाद कायदा १९३३ मध्ये मंजूर झाला. धनको आणि ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवावे, हिशेब तपासावा, ऋणकोची ऐपत पाहावी, रक्कम कमी करून हप्ते बांधून द्यावेत, आणि वाजवी देकार नाकारणाऱ्या धनकोची न्यायालयातील वाट अवघड करावी, असे त्याचे स्वरूप होते. १९३९ मध्ये ऋणनिवारणाचा दुसरा कायदा आला आणि मंडळांची जागा न्यायालयांनी घेतली. या कायद्यांनी वऱ्हाडात शेते वाचवली यात शंका नाही. तथापि लवाद मंडळापुढे ऋणको म्हणून उभा राहिला तो खातेदार पुरुष. त्याची ऐपत मोजताना शेताचे उत्पन्न धरले गेले. त्याच्या पत्नीची वेचणी आणि निंदण हे ज्या हप्त्याचे खरे तारण, त्या हप्त्याविषयी तिला विचारण्याची तरतूद कायद्यात नव्हती.

कर्जलवाद कायद्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या पंजाबरावांचे स्वतःचे घर या अनुभवातून गेलेले होते. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ मध्ये त्यांचा जन्म झाला. मुलाला उच्च शिक्षणासाठी विलायतेस पाठवण्याकरिता वडील शामराव यांनी शेत गहाण टाकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शामराव आणि राधाबाई या शेतकरी जोडप्याने लग्नकार्यासाठी नव्हे, मानपानासाठी नव्हे, तर विद्येसाठी ऋण पत्करले. असे ऋण त्या काळच्या वऱ्हाडात दुर्मीळ होते, आणि त्याची फेड सबंध प्रांताला मिळाली.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले देबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, हे कर्जाने आणि व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरातले. वडील दारूपायी गेल्यावर आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामा चंद्रभान यांना अक्षरओळख नव्हती. सावकाराच्या कागदाने त्यांची जमीन गिळली आणि त्या धक्क्याने ते खचून गेले. पुढे त्याच शेताचा ताबा घ्यायला सावकार आला असता तरुण देबूजी नांगर सोडून त्याच्यासमोर उभा राहिला. नंतर आपल्या मुलीच्या बारशाला, दारू आणि मटणाची पंगत घालण्याची बिरादरीची चाल मोडून, त्यांनी साधे गोड जेवण घातले आणि नातेवाइकांचा रोष पत्करला. तो रोष पत्करणारे ते एकटे नव्हते. बिरादरीच्या बायकांत बसावयाचे होते ते पत्नी कुंताबाईला. १९०५ मध्ये देबूजींनी घर सोडले. ऋण काढून सण करू नये, देवाला नवसाचा बळी देऊ नये, मुलांना शाळेत घालावे, हे त्यांनी पुढे पन्नास वर्षे कीर्तनातून महाराष्ट्राला सांगितले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला त्यांचे निधन झाले. बायकोला हलक्या किमतीचे लुगडे घ्या पण मुलाला शिकवा, असा उपदेश ते करीत. त्या उपदेशाची थोरवी मान्य करताना एक गोष्ट मला नमूद करावीशी वाटते: काटकसरीचा पहिला वार लुगड्यावर पडतो, आणि ज्या स्त्रियांनी तो आनंदाने सोसला त्यांच्या सहकार्यावाचून बाबांचा उपदेश एकाही घरात अमलात आला नसता. मागे राहून मुले वाढवणाऱ्या कुंताबाईचे नाव या दृष्टीने अधिक आदराने घेतले गेले पाहिजे.

विधवेला पतीच्या मिळकतीत हक्क देणारा कायदा १९३७ मध्ये झाला आणि हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये. दोन्ही कायद्यांनी स्त्रीला मिळाले ते मालकाच्या मृत्यूनंतर. तो हयात असताना, दोघे मिळून कर्ज फेडीत असताना, सातबाऱ्यावर तिचे नाव यावे असे कोणी म्हटले नव्हते. ते म्हटले गेले तेव्हा शेतकऱ्यांची कर्जमुक्तीची मागणी ऐन भरात होती. १९८९ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन अमरावतीला भरले, आणि त्यापाठोपाठ संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव नेला. सरकारकडे कर्जमुक्ती मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी घरच्या लक्ष्मीचे देणे द्यावे, तिच्या आयुष्यभराच्या श्रमांपोटी जमिनीचा काही भाग तिच्या नावे करावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. कात्यायनाने ऐपत आल्यावर परत करण्यास सांगितलेले ऋण इतक्या शतकांनी पुन्हा कोणीतरी मागितले, आणि शेकडो गावांत शेतकऱ्यांनी ते स्वखुशीने दिले. १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून, पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली.

ही वाट अद्याप खुली आहे, आणि अकोला-अमरावतीतील पुष्कळ घरे अद्याप त्या वाटेने गेलेली नाहीत. ज्या वाचकाच्या घरी गेल्या पिढीत किंवा या पिढीत कर्ज फिटले असेल, त्याने एकदा जुने रोखे आणि फारखत्या काढून त्या वर्षांत घरातील बाईचे कोणते दागिने गेले आणि ती कोणाच्या वावरात वेचणीला गेली, हे आईला, आजीला विचारून लिहून ठेवावे. आणि तिचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर ते लावण्याचा अर्ज याच हंगामात तहसिलीत द्यावा.